मुदतवाल्या बाई

मिस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मुठीची बाजू कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. गॅरेजमधले सगळे हातातलं काम थांबवून उभे राहिले. हा तिथला शिरस्ताच होता. मिस्त्रींना तिथे कानसेन म्हणत, आणि कानसेन ऐकायला लागले की कुणी पाना आपटायचा नाही आणि खोकला आला तरी बाहेर जाऊन खोकायचं. ज्याची गाडी होती तो बेकरीवाला खिशात हात घालून निकालाची वाट बघत होता.

"तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह," मिस्त्री डोळे उघडून म्हणाले. "बाकी इंजिन ठणठणीत आहे. उगाच उघडत बसू नका."

बेकरीवाल्याचा जीव भांड्यात पडला. गॅरेजच्या मालकाने छाती फुगवली. "बघा, म्हणून लोक लांबलांबून येतात आमच्याकडे."

निदान बरोबर होतं. फक्त ते कानांनी केलेलं नव्हतं. व्हॉल्व्हची ती बारीक टकटक मिस्त्रींना गेली सात वर्षं ऐकू येत नव्हती. कानाला लावलेला स्क्रू ड्रायव्हर लोकांसाठी होता. खरं काम डाव्या हाताची बोटं करत. ती सहज टेकल्यासारखी इंजिनाच्या कडेवर ठेवलेली असत आणि आतली थरथर मोजत असत. तीस वर्षांच्या ठोकाठोकीने कानांची वाट लावली होती. आधी बारीक आवाज गेले, मग फोनवरचे, मग पाठीमागून आलेलं काहीही. मिस्त्रींनी याची वाच्यता कुठेही केली नव्हती. केली असती, तर कानसेनांचा पगार दुसऱ्या दिवशी साध्या फिटरचा झाला असता, आणि घरावर बँकेचं कर्ज होतं.

ते कर्ज उद्या फिटणार होतं. मिस्त्रींनी हात पुसले आणि मालकाकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. मालकाचं उत्तर त्यांनी त्याच्या ओठांवरून वाचलं.

"कधी नव्हे ती सुट्टी मागताय. पूर्ण दिवस घ्या की."

"अर्धा पुरे," मिस्त्री म्हणाले. पूर्ण दिवसाचा पगार कापला जाणं त्यांच्या घरच्या हिशेबात बसत नव्हतं.

घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी गॅलरी. तिसरा मजला, लिफ्ट नाही. कर्ज वीस वर्षांचं. पहिली साडेचार वर्षं त्यांनी चारचौघांसारखा हप्ता भरला, महिन्याच्या शेवटी चारचौघांसारखी ओढाताण केली. मग एका रविवारी दुपारी मिस्त्री गॅलरीत उभे असताना खाली अंगणात खेळणारी त्यांची लेक वर बघून हाका मारत होती. तिचं तोंड उघडमीट होताना त्यांना स्वच्छ दिसलं. आवाज आला नाही. तीन मजले म्हणजे काही फार अंतर नव्हे.

ते आत आले. बायको ओट्यापाशी भांडी घासत होती.

"अगं, कर्ज लवकर फेडून टाकू या का?" ते म्हणाले. "बँकेला वीस वर्षं व्याज कशाला द्यायचं?"

तिने का विचारलं तर सांगायला त्यांनी चार कारणं तयार ठेवली होती. तिने एकही विचारलं नाही. क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, पदराला हात पुसले आणि पेन्सिल घेऊन आली.

"बरं," ती म्हणाली. "किती वर्षांत?"

ती एका बाइंडिंगच्या कारखान्यात छापील कागदांच्या घड्या शिवून पुस्तकं बांधायचं काम करायची. तिथून तिने पुठ्ठ्याचा एक तुकडा आणला, त्यावर दोनशे चाळीस चौकोन आखले आणि तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. दर महिन्याचा ठरलेला हप्ता गेला की लेकीने पुढून एक चौकोन निळा करायचा. जादा भरलेल्या पैशांतून शेवटचे हप्ते कमी झाले की मागून तेवढे चौकोन लाल करायचे. निळा पुढून चालत होता, लाल मागून, आणि दोघे जिथे भेटतील तिथे घर आपलं. लेक सातवी-आठवीत होती. तिला हा खेळ इतका आवडला की शाळेच्या सहलीचे पैसे तिने एकदा परस्पर लाल रंगासाठी आणून दिले. आईने ते तिला परत दिले आणि सहलीला पाठवलं. लेकीने तेव्हापासून आईचं नाव अर्थमंत्री ठेवलं.

अर्थमंत्र्यांचा कारभार बघण्यासारखा होता. मिस्त्रींची स्कूटर पहिल्याच महिन्यात विकली गेली आणि सायकल आली. फ्रिज बंद पडलेला, भंगाराच्या भावात घेतलेला. मिस्त्रींनी दोन रविवार घालवून तो चालू केला. लेकीचा शाळेचा स्कर्ट चार बोटं आत दुमडून शिवलेला असे आणि दर जूनमध्ये एक बोट खाली सोडला जाई. त्यामुळे त्यावर झाडाच्या खोडासारख्या रेघा उमटल्या होत्या आणि लेक मैत्रिणींना त्या मोजून दाखवायची. घराच्या भिंतींना अकरा वर्षांत रंग लागला नाही. केस घरीच कापले जात, कारखान्यातल्या जुन्या कात्रीने, आणि बायकोचा हात इतका बसला होता की शेजारचे दोघेतिघे रविवारी रांगेत येऊन बसत. मात्र लेकीच्या वह्या-पुस्तकांना आणि दुधाला कात्री लागली नाही, आणि दारी आलेल्या माणसाचा चहा कधी पातळ झाला नाही. काटकसर म्हटली की घरात सदा कुरकुर असते. इथे कुरकुर नव्हती. भाजी स्वस्त मिळाली की बायको दार उघडता उघडता भाव सांगायची, एखाद्याला बक्षीस लागावं तशा चेहऱ्याने.

मिस्त्री हे सगळं बघत आणि मनात थक्क होत. एक थेंब तेल न गळणारं इंजिन त्यांनी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. घर मात्र पाहिलं, आणि त्यातच राहतही होते.

उरलेले पैसे ती घरात ठेवायची नाही. दर महिन्याला जातीने बँकेत जाऊन भरायची. पहिल्या वेळी खिडकीमागच्या बाईंनी विचारलं होतं, "या जादा रकमेतून हप्ता कमी करायचा की मुदत?" बहुतेक लोक हप्ता म्हणतात, कारण लगेच मोकळं मोकळं वाटतं. ही म्हणाली, "मुदत." पुढच्या महिन्यात पुन्हा मुदत. कधी रक्कम चांगली घसघशीत असे, कधी मागच्या माणसाला हसू यावं इतकी किरकोळ. एकदा तिने एकशे चाळीस भरले, नाणी मोजून. बँकेत तिचं नाव मुदतवाल्या बाई पडलं. ती दारात दिसली की शिपाई अर्ज काढून ठेवायचा.

गेल्या थंडीत एकदा सगळं उघडं पडता पडता राहिलं. सकाळी मिस्त्रींची बोटं गारठली होती. त्यांनी एका टेंपोचं इंजिन तपासून ठीक आहे म्हणून सांगितलं आणि ते गावाबाहेर जाऊन जाम झालं. कुणाला काही झालं नाही, पण टेंपोवाला तावातावाने परत आला. "कानसेनांचाही सूर चुकायला लागला की काय?" मालक हसत म्हणाला. मिस्त्रींनी सुटा भाग पदरचे पैसे घालून आणला आणि चार रविवार फुकट काम करून इंजिन बांधून दिलं. त्या महिन्यात लाल चौकोन झाला नाही. बायकोला त्यांनी सांगितलं, मालकाने जुनं काम काढलंय. ती म्हणाली, बरं. पुढच्या आठवड्यात तिने जुन्या स्वेटरची लोकर उसवून त्यांना हातमोजे विणून दिले. "सकाळी गॅरेजला पोचेपर्यंत घालत जा," एवढंच बोलली. मिस्त्रींना तेव्हा तिचं कौतुक वाटलं ते लोकर वाया न घालवल्याचं.

आणखी एका गोष्टीचं त्यांना नवल वाटे. जगाचे आवाज एकेक करून बंद होत गेले तरी बायकोचं बोलणं त्यांना समजायचं. ती जवळ येऊन, समोर उभी राहून, सावकाश बोलायची. लेकीलाही तिने वळण लावलं होतं, की या खोलीतून त्या खोलीत हाका मारायच्या नाहीत. मिस्त्रींना वाटे, आपलं नशीब, की निदान घरात निभावून जातंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं बँकेत गेले. बायकोने इस्त्रीची साडी नेसली होती. खिडकीमागच्या बाई आता अधिकारी झाल्या होत्या. त्यांनी दोघांना आत बोलावून आपल्या टेबलावरच्या उभ्या काचेसमोर बसवलं, शेवटची रक्कम जमा केली आणि शिक्का उमटवला.

"वीस वर्षांचं कर्ज, साडेअकरा वर्षांत," त्या म्हणाल्या. "मी इथे नवीन होते तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुम्ही जादा भरायला आला होता, बाई. मी घरी जाऊन आईला सांगितलं होतं. काका, आता पुढचा बेत काय?"

काचेवर खिडकीचा उजेड पडला होता आणि मिस्त्रींना त्यांचे ओठ अर्धेच दिसत होते. प्रश्न आहे हे भुवयांवरून कळलं. मिस्त्री हसले आणि म्हणाले, "हो, हो. अगदी."

बाई गोंधळल्या.

"बेत ठरलाय म्हणतायत," बायको चटकन म्हणाली. "सावकाश सांगू."

मॅनेजर मुद्दाम उठून आले आणि त्यांनी दोघांना नमस्कार केला. "तुमच्यासारखी दहा गिऱ्हाइकं मिळाली तर आमचं दुकान बंद," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणत होते हे मिस्त्रींनाही दिसलं. घराच्या मूळ कागदांची फाइल टेबलावर आली. बायकोने ती उघडून पान न् पान पाहिलं, मग पानं शिवलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"शिवण सुटलीय," ती अधिकारी बाईंना म्हणाली. "असू दे, मी घरी शिवून घेते."

बाहेर रस्त्यावर आल्यावर मिस्त्री थांबले. गेला आठवडाभर ते मनात वाक्यं जुळवत होते. कर्ज फिटलं की पहिल्यांदा हिला सांगायचं, मग मालकाला. आता पगार कमी झाला तरी डोक्यावरचं छप्पर कुणी नेणार नव्हतं. पण सात वर्षं लपवलेली गोष्ट फुटपाथवर उभं राहून कशी सुरू करतात, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"अगं, ऐक ना. मला तुला एक सांगायचंय..."

"चालता चालता सांगा," ती त्यांच्या समोर येऊन म्हणाली. "चारची वेळ घेतलीय."

"कसली वेळ?"

ती फाइल छातीशी धरून रस्ता ओलांडून गेली. औषधाच्या दुकानाशेजारी एक अरुंद जिना होता. जिन्याच्या तोंडाशी पाटी होती: श्रवण तपासणी केंद्र, पहिला मजला. मिस्त्रींनी ती दोनदा वाचली.

"कुणाचे कान तपासायचेत?"

"माझे शाबूत आहेत," ती म्हणाली.

मिस्त्रींनी कठडा धरला. वरून एक म्हातारे गृहस्थ उतरत होते, त्यांना वाट करून देण्याच्या निमित्ताने ते भिंतीला टेकले.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"तुम्ही कर्ज लवकर फेडू या म्हणालात, त्याच्याही आधीपासून."

"आणि सात वर्षांत एक शब्द बोलली नाहीस?"

"मी विचारलं असतं तर तुम्हाला खोटं बोलावं लागलं असतं." तिने त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ केली. "घर हातात आल्याशिवाय विचारायचं नाही, असं ठरवलं होतं. आता आलं. चला, पहिली तपासणी फुकट असते, मी चौकशी करून ठेवलीय."

ती पुढे चढू लागली. मिस्त्री दोन पायऱ्या मागे राहून तिच्या पाठीकडे बघत होते. सात वर्षं त्यांना वाटत होतं की पळतोय तो आपण एकटेच, कानांच्या पुढे राहण्यासाठी. ही बाई नाणी मोजत, मुदत, मुदत म्हणत, त्यांच्या बरोबरीने पळत होती, आणि धाप लागल्याचंही तिने कधी दाखवलं नव्हतं. असं माणूस आपल्या वाट्याला यावं असं आपण काय केलं होतं, ते त्यांना आठवेना.

वर काचेची खिडकी असलेली एक छोटी, बंद खोली होती. तपासणी करणारी मुलगी नवी दिसत होती. तिने मिस्त्रींना आत खुर्चीवर बसवलं, कानांवर हेडफोन लावले, हातात एक बटण दिलं आणि कागदावर लिहिलेली सूचना दाखवली: कितीही बारीक आवाज आला तरी बटण दाबा. मग बाहेर जाऊन ती काचेपलीकडे यंत्रासमोर बसली. तिच्या शेजारी स्टुलावर बायको, मांडीवर फाइल.

मिस्त्रींनी ठरवलं होतं की इथे खरं वागायचं. जिना चढताना तसं मनोमन कबूलही केलं होतं. पण समोर काच होती आणि काचेत मुलगी दिसत होती. यंत्राची कळ दाबताना तिचा उजवा खांदा किंचित खाली जायचा. खांदा खाली गेला आणि मिस्त्रींच्या अंगठ्याने बटण दाबलं. ते दचकले. पुन्हा खांदा, पुन्हा अंगठा. थांबवायचं म्हटलं तरी थांबेना. सात वर्षं डोळ्यांनी ऐकून पोट भरलेल्या माणसाचा हात होता तो. थोड्या वेळाने तर त्यांना त्यात जुनी हुशारी वाटू लागली. मुलगी मध्येच थांबून काही लिहायची, तेव्हा ते शहाण्यासारखे गप्प बसायचे.

मुलगी दार उघडून आत आली. चेहरा खुलला होता. हेडफोन काढत ती मोठ्याने म्हणाली, "काका, काळजीचं काहीच नाही. या वयात इतके चांगले कान मी पाहिले नाहीत."

बायकोही दारात येऊन उभी होती. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या कपाळावर आठी नव्हती. भाजीवाल्याचा तराजू बघते तशी ती काचेकडे, यंत्राकडे आणि मुलीच्या खुर्चीकडे बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "यांची खुर्ची भिंतीकडे फिरवून पुन्हा एकदा घ्याल का?"

मुलीला आधी काही कळलं नाही. मग तिने काचेकडे पाहिलं, आपल्या खांद्याकडे पाहिलं, आणि ती लाल झाली. दोघींनी मिळून खुर्ची फिरवली. मिस्त्री बसले. हेडफोन पुन्हा कानांवर आले. दार बंद झाल्याचं त्यांना फक्त पाठीवरच्या हवेने कळलं.

समोर भिंत होती. राखाडी, बारीक भोकांची. तीत काही चमकत नव्हतं, कुणाची सावली पडत नव्हती. मिस्त्रींनी सवयीने डावीउजवीकडे पाहिलं आणि मग पाहणं सोडून दिलं. अंगठा बटणावर होता. काहीही ऐकू येत नव्हतं. या क्षणी हेडफोनमध्ये आवाज वाजत असणार, एकामागून एक वाजत असणार आणि आपल्याला एकही मिळत नाहीय, हे त्यांना समजत होतं. मानेवर घाम आला. पाठीमागे दोन बायका हे सगळं बघत होत्या आणि त्यांना तोंड दाखवायलाही जागा नव्हती.

मग हळूहळू ती भीती ओसरली. ऐकू आल्यासारखा चेहरा करायची इथे गरज नव्हती, कारण चेहरा बघणारं समोर कुणी नव्हतं आणि पाठीमागे होतं त्याला सगळं आधीच ठाऊक होतं. त्यांचे खांदे खाली आले. किती वर्षांनी आले, देव जाणे. त्यांनी अंगठा बटणावरून उचलून बाजूला ठेवला आणि नुसते बसून राहिले.

बऱ्याच वेळाने, फार लांबून, एक जाडसर घुमल्यासारखं काहीतरी आलं. भास असेल म्हणून त्यांनी ते जाऊ दिलं. ते पुन्हा आलं, थोडं मोठं. तरी ते थांबले. तिसऱ्यांदा ते आलं तेव्हा दोन्ही कानांच्या मध्ये स्पष्ट उभं राहिलं, आणि यात डोळ्यांचा किंवा बोटांचा काही हात नाही अशी त्यांची खात्री पटली.

मिस्त्रींनी बटण दाबलं.